केळीचा वाख : दळणारा कोण आणि पीठ कोणाचें?



रावेर-यावलच्या पट्ट्यांत ज्याच्या सदऱ्यावर केळीचा डाग नाहीं असा माणूस शोधूनही सांपडावयाचा नाहीं. घड कापतांना अंगावर जो चीक उडतो तो एकदां कापडाला लागला म्हणजे कितीही साबण घांसा, तो जात नाहीं. आमच्या वाडवडिलांनीं त्या डागाळलेल्या कपड्यांतच जन्म काढला. पण ज्या केळीनें आमचे कपडे डागाळले तिच्याच खांबांत कापड विणण्याजोगा धागा आहे, ही गोष्ट आमच्यापैकीं फार थोड्यांना ठाऊक होती. आतां ती सर्वांना ठाऊक झाली आहे. छापील पत्रकें गांवोगांव फिरत आहेत, मोबाइलवर चित्रें दिसत आहेत, आणि ‘कचऱ्यांतून सोनें’ हे शब्द जो तो उच्चारीत आहे. अशा वेळीं या धंद्यांत खरें किती व खोटें किती, आणि जें खरें असेल त्याचा लाभ कोणाच्या घरांत जाणार, हें आपण आपल्या डोक्यानें तपासलें पाहिजे.

मी शास्त्रज्ञ नव्हे, व्यापारीही नव्हे. खेड्यांतल्या प्राथमिक शाळेचा मास्तर आहें. परंतु या बाबतींत माझ्या हातून एक चूक झाली, आणि तिचें नुकसान माझ्या गांवच्या गरीब बायांना सोसावें लागलें. ती चूक झांकून ठेवण्यापेक्षां चारचौघांत सांगितली तर दुसऱ्या गांवचें तरी भलें होईल, म्हणून हा लेख.

आधीं खांबाची गोष्ट घेऊं. केळ ही खऱ्या अर्थानें झाडच नव्हे. तिच्या खांबांत लांकूड नसतें. पानांचे सोप एकावर एक घट्ट गुंडाळून तो उभा राहिलेला असतो. एक खांब एकदांच घड देतो. घड उतरला कीं त्याचें काम संपलें. पीलबाग धरावयाची असली म्हणजे बुडाशीं आलेला मुनवा वाढूं द्यावयाचा आणि जुना खांब तोडावयाचा. पांच फुटांवर पांच फूट अशी लागण धरली तर एका एकरांत १,७४२ केळी बसतात. घड उतरल्यावर तितकेच खांब आडवे होतात. एकरीं पंचवीस-तीस टन ओला माल झाला! कांहीं शहाणे शेतकरी त्याचे तुकडे करून रानांतच कुजवितात, तें चांगलेंच आहे. पण बाकीचे काय करतात? बांधावर टाकतात, नाल्यांत ढकलतात, रस्त्याच्या कडेला ढीग मारतात. उचलून टाकण्याची मजुरी शेतकऱ्याच्या खिशांतून जाते, पाणी तुंबतें, आणि कुजत्या खांबांत सोंडकिडा घर करतो तो वेगळाच. २०१६ सालीं जळगांवच्या केळ्याला भौगोलिक मानांकन मिळालें, म्हणजे फळाला नांव मिळालें. खांबाला मात्र आम्हीं ‘घाण’ हेंच नांव ठेवलें आहे.

वास्तविक केळीचा धागा आमच्या लोकांना अगदींच अपरिचित होता असें नाहीं. फुलमाळ्याच्या दुकानांत हार कशांत ओवीत? केळीच्या सोपटाच्या ओल्या दोऱ्यांत. विड्याच्या पानांची जुडी कशानें बांधीत? सोपटानें. गांठ घट्ट बसते आणि फुलाला जखम होत नाहीं, हें माळणीला कोणी कॉलेजांत शिकविलें नव्हतें. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा म्हणतात तो असा.

परमुलखांत याचें कापडही झालें आहे. फिलिपाइन्स बेटांत केळीच्याच कुळांतली एक जात होते; तिचें फळ खाण्याच्या उपयोगाचें नाहीं, पण तिच्या वाखाचे दोर इतके चिवट कीं जगांतल्या जहाजांनीं ते ‘मनिला दोर’ म्हणून वापरले. जपानच्या ओकिनावा बेटावर किजोका नांवाची एक वाडी आहे. तेथें धाग्यासाठीं वेगळी केळ लावतात व ती तीन वर्षें वाढवितात. खांब तोडून त्याचे सोप बाहेरून आंत असे वेगवेगळे काढतात. बाहेरचे सोप जाड्याभरड्या कापडाला, अगदीं आंतले नाजूक वस्त्राला. ते राखेच्या क्षारांत उकळतात, खरवडतात, आणि निघालेल्या तंतूंना हातानें गांठी मारीत मारीत सूत करतात. एका किमोनोच्या कापडाला सुमारें दोनशें केळी लागतात. १९४५ सालच्या लढाईंत हें बेट बेचिराख झालें. त्यानंतर तोशिको ताइरा या बाईंनीं गांवच्या बायका जमवून हा धंदा पुन्हा उभा केला. त्या बायकांत लढाईंत विधवा झालेल्याही होत्या. १९७४ सालीं तेथल्या सरकारनें किजोकाच्या या कापडाला राष्ट्राची सांस्कृतिक ठेव म्हणून मान दिला, आणि २००० सालीं ताइराबाईंना स्वतःला राष्ट्राच्या जिवंत ठेव्याचा मान मिळाला. २०२२ सालीं, वयाची शंभरी ओलांडून, त्या वारल्या. आपल्याच देशांत चेन्नईजवळ अनकापुत्तूर येथील विणकरांनीं केळीचा धागा मागावर चढवून साड्या विणल्या आहेत. तेव्हां केळीच्या धाग्याचें कापड होतें कीं नाहीं, हा प्रश्नच उरला नाहीं. तें होतें. प्रश्न आहे तो केवढ्या कष्टानें होतें, आणि त्या कष्टाचे पैसे कोणाला मिळतात, हा.

आतां माझी चूक सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या गांवीं एक मंडळी मोटारींतून आली. वाख काढण्याचें यंत्र घ्या, तुम्ही काढाल तेवढा वाख आम्ही विकत घेऊं, असें त्यांनीं पारावर सांगितलें. त्यांच्याजवळ गुळगुळीत कागदाचें पत्रक होतें. गांवांतल्या दहा बायांचा बचत गट होता. कोणाची दोन बिघे शेती, कोणाची तीही नाहीं. त्यांनीं तें पत्रक माझ्याकडे आणलें. “गुरुजी, वाचून दाखवा. तुम्ही बरें म्हणाल तर सही करतों.” मीं तें मोठ्यानें वाचलें. मला तें बरें वाटलें. मीं तसें सांगितलें. बायांनीं कर्ज काढून यंत्र घेतलें. मंडळींनीं दोन खेपा माल उचलला, पैसेही दिले. तिसऱ्या खेपेला ओल जास्त आहे म्हणून निम्मा माल परत केला. चौथ्या खेपेला त्यांचा फोन लागेना. मग मीं सहीचा कागद काढून पाहिला. पत्रकावर मोठ्या अक्षरांत असलेलें ‘आम्ही विकत घेऊं’ हें वाक्य करारांत कोठेंच नव्हतें! करार यंत्राच्या विक्रीचा होता, वाखाच्या खरेदीचा नव्हताच. ज्याला अक्षर येतें त्यानें पत्रक वाचलें आणि करार वाचला नाहीं. निरक्षर बाई फसली तर तिचा दोष नाहीं. साक्षर मास्तर फसला आणि त्यानें तिला फसूं दिलें, हा दोष कोणाचा? कर्जाचा कांहीं भाग पुढें मीं उचलला, कारण चूक माझी होती. पण मास्तरच्या पगारानें गांवोगांवचीं अशीं कर्जें फिटत नाहींत.

त्यानंतर मीं जो हिशेब मांडला तो आधींच मांडावयास हवा होता. तो प्रत्येकानें आपल्या वहींत लिहून ठेवावा. खांबांत शंभरांतले नव्वद भागांहून अधिक पाणीच असतें. शंभर किलो खांबांतून कोरडा वाख निघतो तो किलोभर, फार तर दीड किलो. म्हणजे पंचवीस टनांतून किलोच्या हिशेबानें अडीचशें किलो. खांब तोडून आणावयाचा, सोप सुटे करावयाचे, एकेक सोप यंत्रांत सारावयाचा. आंत पात्यांचा ढोल फिरत असतो, तो गर खरवडून काढतो. मग ओढून घेऊन दुसरें टोक सारावयाचें. नंतर धुणें, पिळणें, वाळविणें. दोन माणसें दिवसभर राबलीं तर साधारण दहा ते पंधरा किलो वाख हातीं येतो. म्हणजे एका एकराच्या खांबांना एक यंत्र सतरापासून पंचवीस दिवसांपर्यंत लागलें. आणि खांब तोंपर्यंत थांबतो थोडाच? तोडल्यावर तो एक-दोन दिवसांत यंत्रावर आला नाहीं तर धागा काळवंडतो. शिवाय ज्या पात्यांपुढें सोप धरावयाचा त्यांपुढें बाईचा हात असतो. ज्या यंत्राला हाताच्या रक्षणाची आडकाठी नाहीं तें फुकट मिळालें तरी दारांत उभें करूं नये. हा सगळा हिशेब पत्रकांत कोणी छापीत नाहीं. तेथें फक्त अखेरचा नफा छापलेला असतो.

हा हिशेब पाहून कोणी म्हणेल, मास्तर, मग सोडून द्या कीं! नाहीं. सोडून द्यावयाचें नाहीं. कारण हिशेबानें आणखी एक गोष्ट शिकविली. वाख हा कच्चा माल आहे, आणि कच्चा माल विकणारा जगांत कधींच श्रीमंत झालेला नाहीं.

आमच्या खानदेशाला हा धडा नवा नव्हे. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें. तेथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून इकडच्या कापसाला कधीं नव्हे तो भाव आला. शेतकऱ्यानें कपाशी वाढविली आणि सावकारानें त्याची पत वाढविली. युद्ध थांबलें, भाव कोसळला, कर्ज तेवढें राहिलें. येथून कापूस कच्चा गेला आणि लँकेशायरचें कापड होऊन परत आला. त्या कापडापुढें आमच्या साळी, कोष्टी, मोमीन यांचे माग थांबले आणि मागावरचा माणूस मजूर झाला. परदेशी मालानें इकडच्या कारागिरांचे धंदे कसे बुडविले हें महात्मा जोतीराव फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ सालच्या ग्रंथांत सांगून ठेवलें आहे. तिकडे बंगालचा शेतकरी पाण्यांत उभा राहून ताग सोलीत असे, आणि त्याचें गोणपाट स्कॉटलंडांतल्या डंडीच्या गिरण्यांत होई. १८५५ सालीं कलकत्त्याजवळ रिश्रा येथें तागाची पहिली गिरणी निघाली. गिरणी जवळ आली तरी शेतकऱ्याच्या हातीं ताग कच्चाच राहिला. आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, ही म्हण आमच्या आजीनें जात्यावर बसून सांगितली, ती उगीच नव्हे. केळीच्या वाखाची तीच गत व्हावयाची नसेल तर आतांच जागें झालें पाहिजे. बैल गेल्यावर झोंपा बांधून काय उपयोग?

मग वाखाचें सूत कां होत नाहीं? कारण समजून घ्या. कपाशीचा तंतु इंच-सव्वा इंच लांबीचा, पण मऊ आणि बारीक. तो चातीवर सहज वळतो. केळीचा वाख हातभर-दोन हात लांब, पण जाड आणि ताठ. त्यांतले तंतु एका चिकट द्रव्यानें एकमेकांना धरून असतात. तें द्रव्य क्षारांत उकळून काढावें लागतें, तेव्हां वाख मऊ होतो. गिरणींत चढवावयाचा तर तो कपाशीच्या लांबीइतका तोडून तिच्यांत थोड्या प्रमाणांत मिसळावा लागतो. हें काम एकट्या शेतकऱ्याच्या चुलीवर होणारें नाहीं. पण अशक्यही नाहीं. मुंबईस माटुंग्याला १९२४ सालापासून कापसावर शोध करणारी सरकारी संस्था आहे. तिरुचिरापल्लीस केळीसाठींच वेगळें राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. आमच्या शेजारच्या गुजरातेंत नवसारीच्या कृषि विद्यापीठानें केळीच्या खांबावर बरेंच काम केलें आहे. त्यांनीं वाख तर काढलाच, पण खांबांतल्या पाण्यापासून पिकाला देण्याचें पातळ खत आणि मधल्या गाभ्यापासून खाण्याचे गोड पदार्थही केले. ज्ञान आहे. तें आमच्या पारापर्यंत आलेलें नाहीं. यंत्र विकणारा मात्र पारापर्यंत आला!

पण ज्ञान संस्थेंतच असतें असें नाहीं, हें मला माझ्याच गांवांत कळलें. माल परत आला तेव्हां चार पोतीं वाख शाळेच्या पडवींत पडून होता. आमच्या मातंग वस्तींत एक म्हातारे कारागीर आहेत, सारा गांव त्यांना आप्पा म्हणतो. त्यांनीं जन्मभर अंबाडीचे आणि घायपाताचे दोर वळले. दावें, कासरा, नाडा, शिंकें, मुसकें. ज्या दोरावर गांवची शेती चालत होती तो त्यांच्या हातचा. पुढें नायलॉनची दोरी आली आणि त्यांचा फिरता चरक थांबला. त्यांनीं पोत्यांतला वाख चिमटींत धरला, मांडीवर पीळ दिला, आणि मला म्हणाले, “गुरुजी, हा बैलाचा कासरा, आणि हा पाळण्याची दोरी. दोन्ही एका गठ्ठ्यांत कसे बांधले?” मला अर्थ कळेना. तेव्हां त्यांनीं दाखविलें. बाहेरच्या सोपाचा वाख राठ आणि आंतल्या सोपाचा मऊ. आम्हीं दोन्ही एकत्र करून तिसऱ्याच भावानें विकले होते. ओकिनावाच्या बायका सोप निवडून वेगळे करतात ही गोष्ट मीं पुढें वाचली. आप्पांनीं ती वाचल्यावांचून सांगितली होती. त्यांना विचारावें असें आमच्यापैकीं एकालाही आधीं सुचलें नव्हतें. गांवांत वाख कशाला म्हणतात हें ज्या एका माणसाला ठाऊक, त्यालाच आम्हीं सभेला बोलावलें नव्हतें. कां नव्हतें, तें प्रत्येकानें आपल्या मनाला विचारावें.

मग आप्पांना मीं शाळेंत बोलावलें. कार्यानुभवाच्या तासाला मुलांना सोपट निवडावयास आणि पीळ द्यावयास त्यांनीं शिकवावें, असें ठरलें. दुसऱ्याच दिवशीं दोन पालक दारांत उभे. “गुरुजी, दोर वळावयाला पोरं शाळेंत घातलीं काय?” आणि खरें सांगावयाचें तर आप्पांच्या स्वतःच्या सुनेलाही तें आवडलें नाहीं. ती म्हणाली, “माझा पोरगा पाटी-पुस्तकासाठीं शाळेंत येतो. दोर घरीं होतेच कीं.” पहिल्या दोघांचा राग मला चुकीचा वाटला. तिचा राग मला बरोबर वाटला. जो धंदा एका जातीच्या गळ्यांत जन्मानें बांधला, ज्याची मजुरी धान्याच्या सुपावर ठरविली आणि वर विटाळ मानला, त्या धंद्यांतून तिला आपलें लेंकरूं बाहेर काढावयाचें आहे. तिनें काढावेंच. म्हणून मीं नियम केला. शिकावयाचें तर पाटलाच्या मुलापासून शिकलकऱ्याच्या मुलापर्यंत सर्वांनीं. नाहीं तर कोणींच नाहीं. आणि आप्पांना शिक्षकाच्या खुर्चीवर बसविलें. पहिले कांहीं दिवस मुलें कमी आलीं. मग आलीं. ज्या कामाला सर्वांचे हात लागतात त्याचा विटाळ आपोआप झडतो; ज्या कामाला एकाच जातीचे हात लागतात त्याची किंमत बाजारांत कधीं वाढत नाहीं. हें नुसतें नीतीचें बोलणें नव्हे, हा व्यवहार आहे.

पुढें बायांनीं आप्पांच्या देखरेखीखालीं वाख निवडला. राठ वाखाचे दोर आणि पायपुसणीं झालीं. तीं गांवांत आणि आठवड्याच्या बाजारांत खपलीं. मऊ वाख बऱ्हाणपूरच्या एका मागवाल्याकडे नेला. बऱ्हाणपूर आमच्या रावेरपासून जवळ, आणि तेथें विणकरांची जुनी वस्ती. त्यानें धागा पाहून मान हालविली. ताण्याला हा टिकावयाचा नाहीं, म्हणाला. ताणा सुताचा धरूं आणि बाणा केळीचा. कोरडा धागा धोट्याखालीं तुटूं लागला तेव्हां त्यानें तो ओलसर करून घेतला. ओकिनावांतही दमट हवेंतच हें विणकाम बरें होतें. अखेर जें कापड निघालें तें अंगावर घालण्याजोगें नव्हतें हें कबूल करतों. पण त्याच्या पिशव्या उत्तम झाल्या. मीं माझीं पुस्तकें तींतच नेतों. पिशवीमागें बायांच्या हातीं जें पडलें तें तेवढ्याच वजनाच्या वाखापेक्षां कितीतरी अधिक होतें. कर्ज अजून फिटलेलें नाहीं. पण यंत्रावरचीं कोंबड्यांचीं खुराडीं निघालीं, एवढें खरें.

एक इशारा जमिनीच्या वतीनेंही द्यावयाचा आहे. केळ ही पालाश फार ओढणारी आहे, आणि ओढलेल्या पालाशाचा मोठा वांटा तिच्या खांबांत असतो. उद्यां वाखाचा भाव वाढला आणि सगळे खांब ट्रॅक्टर भरभरून बाहेर जाऊं लागले, तर रानाचें खत रानाबाहेर जाईल आणि तेवढेंच खत दुकानांतून विकत आणावें लागेल. म्हणून वाख काढून जो चोथा व पाणी उरतें तें परत शेतांतच गेलें पाहिजे. त्याचें गांडूळखत उत्तम होतें. शंभर भागांतला एक-दीड भाग धाग्याला, बाकीचा मातीला. हा करार केळीशीं करावा, मग व्यापाऱ्याशीं.

आणखी एक सावधगिरी. शहरांतल्या दुकानांत ‘केळीचें रेशीम’ म्हणून चकचकीत साड्या स्वस्तांत मिळतात. नांव केळीचें असलें म्हणजे धागा केळीचा असतोच असें नाहीं. त्या नांवाखालीं कृत्रिम धागाही विकला जातो. काठाचा एक धागा काढून जाळून पाहावा. वितळून त्याची टणक गोळी झाली तर तो धागा रसायनाचा. आमच्या केळीचें नांव घेऊन दुसऱ्याचा माल खपूं लागला तर खऱ्या धाग्याला भाव कसा यावा?

तेव्हां माझें म्हणणें थोडक्यांत असें. खरेदीचा भाव, ओलीचें प्रमाण आणि मुदत हीं तिन्ही करारांत लिहिलेलीं असल्यावांचून कोणीही यंत्रासाठीं कर्ज काढूं नये, आणि करार गांवांतल्या दोन साक्षरांकडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घ्यावा. यंत्र एकेकट्यानें घेऊं नये. पांच-सहा गांवांनीं मिळून सहकारी संस्था काढावी, आणि राबणाऱ्या बायांचीं नांवें मजुरीच्या वहींत नव्हे, सभासदांच्या वहींत असावींत. ज्याला जमीन नाहीं पण हात आहे त्यालाही तितकाच वांटा असावा. राठ आणि मऊ वाख पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावे. प्रथम दोर, चटई, पिशवी असा माल करावा. जें आज खपतें तेंच आज करावें, आणि वस्त्राच्या गोष्टी पायरीपायरीनें. बाजार समित्यांनीं केळ्याबरोबर वाखाचाही कांटा लावावा आणि प्रतवारी करावी. आणि सरकारजवळ मागावयाचें तें यंत्राचें अनुदान नको. त्याचा लाभ यंत्र विकणाऱ्यालाच अधिक. वाख मऊ करून त्याचें सूत काढणारा एक कारखाना केळीच्या तालुक्यांत द्या, आणि तो संस्थेच्या मालकीचा असूं द्या, ही मागणी करावी. सूत जोंपर्यंत दुसरीकडे निघतें तोंपर्यंत आम्ही दळणारेच राहणार.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप एका खांबासाठीं? त्यांना मी माझ्या शाळेची पडवी दाखवीन. परवां आप्पांचा नातू आणि एका बागाइतदाराची मुलगी तेथें शेजारीं बसून सोपट निवडीत होतीं. मुलगी म्हणाली, “आप्पा, हा कासरा कीं पाळणा?” आप्पांनीं वाख चिमटींत घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, “तूंच सांग.” तिनें सांगितलें आणि बरोबर सांगितलें. दोघांच्याही सदऱ्यांना केळीचा डाग लागला होता. तो जावयाचा नाहीं. पण तीं मोठीं होतील तेव्हां त्याच केळीचें सूत त्यांच्या गांवांत निघत असेल कीं कच्चा वाख ट्रकांतून बाहेर जात असेल, हें आज पारावर आपण काय ठरवितों त्यावर अवलंबून आहे. पुढल्या वेळीं गुळगुळीत कागदाचें पत्रक घेऊन मोटार आली म्हणजे तिला चहा अवश्य द्या. मग सांगा, पत्रक राहूं द्या, करार दाखवा.

— एक खेडवळ शिक्षक